तरवडातल्या पाखराबद्दल दिलेला अर्ज

चि. अंगद यास,

तुझ्या दाजीचा, म्हणजे पिराजीचा रामराम. तुझा गुडघा बरा असेल, निलंग्याकडे पाऊस झाला असेल आणि तुझ्या करिश्माचा निकाल लागला असेल असे धरून चालतो. (यातले काही झाले नसेल तर कळवू नको, मला झोप लागत नाही.)

इकडे ठीक म्हणावे तर तसे नाही. येत्या श्रावणात तुझ्या बहिणीला जाऊन वर्ष होईल. तिच्या मागोमाग बांधावरच्या तरवडातले ते राखी पाखरूही गेले. अंगठ्याएवढे, शेपटी सदा उभी. रोज सकाळी चहाची बशी हातात देताना कावेरी विचारायची, "ऐकलं का?" मी म्हणायचो, "हाव." ती गेल्यापासून त्याचा आवाज एक दिवस आला नाही. निदान त्याने तरी थांबायला पाहिजे होते. फवारणीने मेले असेल म्हणून शेजारच्याशी भांडलो, मग मांजरावर संशय घेतला (मांजर आपलेच), आणि शेवटी कंधारला जाऊन झाडे-जनावरे सांभाळणाऱ्या कचेरीत अर्ज दिला. मला अर्ज येतो तो एकच, पीक बुडाल्याचा. तोच लिहिला आणि पिकाच्या जागी पाखरू घातले: सदर पाखरू बेपत्ता असून पंचनामा व्हावा. तिथल्या मृत्युंजय नावाच्या कारकुनाने वाचून विचारले, "मामा, नुकसान किती टक्के लिहू?" मी म्हणालो, "शंभर." तो हसणार होता, पण हसला नाही.

त्यानेच नांदेडच्या कॉलेजातल्या धम्मप्रियाबाईंना फोन लावला. त्या पाखरे मोजतात. (शिकलेल्या आहेत, तरी मोजतात.) त्या आल्या आणि ओसरीवर त्यांनी नकाशा पसरला. पाखराचे नाव राखी वटवट्या. हिमालयाच्या पायथ्यापासून लंकेपर्यंत त्याचा मुलूख, आणि त्यात चार उपजाती. मी लगेच विचारले, आपले कोणत्यातले? (आपल्याकडे हे आधी विचारतात.) बाई म्हणाल्या, उत्तरेतले थंडीत रंग बदलते, लंकेतल्याची शेपटी आखूड, पूर्वेला आणखी एक, आणि आपले हे दक्षिणेतले, बारा महिने एकाच कपड्यात. ऐकून मला ते घरचेच वाटले. पण काळजीही वाढली. म्हटले, "बाई, एवढा मुलूख पडलाय, लंकेला गेलं असंल तर कुठं हुडकू?" त्या म्हणाल्या, "मामा, ते आपली जागा सोडून लांब जात न्हाई."

सकाळी बांधावर गेलो. बाई एकदम थांबल्या. "मामा, बोलून राहिलंय की!" मी म्हटले, कुठं? त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावून दिली. तरवडाच्या शेंड्यावर ते होते. शेपटी उभी, चोच उघडी, गळा थरथरत होता. आवाज नव्हता. मी म्हणालो, "आजारी दिसतंय बिचारं, घसा बसलाय." बाईंनी दुर्बीण माझ्या हातातून घेतली. मग माझ्या कानाजवळ येऊन, जरा मोठ्याने म्हणाल्या, "मामा, म्हातारपणी बारीक आवाज आधी जातात."

अर्ज मागे घ्यायला गेलो तर मृत्युंजय म्हणाला, कारण लिहा. मी लिहिले, पाखरू सापडले.

तुझा दाजी,
पिराजी

ता. क. कानाच्या यंत्राचे मनात आणू नको. या वयात सगळेच ऐकू आले तर काळजी करायला दिवस पुरणार नाही.

आणखी एक. बाई म्हणाल्या, असा आवाज एका दिवसात जात नाही, वर्षानुवर्षे जातो. म्हणजे कावेरी विचारायची तेव्हा मी किती वर्षे नुसताच हाव म्हणत होतो, हे आता कोणाला विचारू? वर्षश्राद्धाला तू येशीलच. एक दिवस आधी ये. सकाळी माझ्याजवळ बांधावर बस आणि ते बोलले की विचार, "ऐकलं का?" मी न्हाई म्हणीन. मग ते कसे बोलते ते तू सांग. मी खरे बोललो असतो तर तिने सांगितले असते.