मागच्या फळीचे चार स्क्रू

६ जानेवारी

ती. मामा,

नमस्कार. खोकला कसा आहे? डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्यायच्या असतात, खिशात घालून फिरवायच्या नसतात, एवढं लक्षात ठेवा. इकडे सगळं ठीक. हिची शाळा सुरू झाली. धाकटीचे पुढचे दोन दात एकदम पडले, त्यामुळे ती दिवसभर आरशासमोर असते आणि आम्हाला घरात आरसा मिळत नाही.

तर अदलाबदल झाली एकदाची. शनिवारी सकाळी तुमचे घड्याळवाले मित्र त्यांच्या मेहुण्याची गाडी घेऊन आले. माझा गिटारचा, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा जुना अ‍ॅम्प त्यांनी नेला आणि त्यांचा ट्रान्झिस्टरचा मला दिला. वर काही देणं नाही, घेणं नाही, तुम्ही ठरवलं होतं तसंच. आमच्या बँडमधला ड्रमवाला एकदा सुटला की मला आवाज वाढवावा लागतो, आणि माझा तो म्हातारा आवाज वाढवला की घसा बसल्यासारखा फाटायचा. मला हवा स्वच्छ सूर, तारन् तार वेगळी ऐकू येईल असा. त्यांना हवा घरात हळू वाजवण्यापुरता मऊ, भरलेला आवाज. म्हणजे दोघांचंही भलं झालं, असं म्हणायला हवं.

पण खरं सांगू का मामा, मला हा माणूस काही पटला नाही.

तुम्ही हसाल. तुम्ही मला शाळेत असल्यापासून शंकेखोर म्हणताय. पण सतरा वर्षं मी दुकानादुकानांतून वजनकाटे तपासतोय. पारड्याखाली शिशाचा तुकडा कुठे चिकटवतात, वजनाच्या बुडातून धातू कसा कोरून काढतात, हे मला डोळे मिटून सांगता येईल. आणि जो दुकानदार मी आत शिरताच खुर्ची पुढे करतो, त्याचा काटा मी दोनदा बघतो. तुमचे घड्याळवाले त्यातलेच. अ‍ॅम्प लावूनसुद्धा बघितला नाही! मी म्हटलं, "अहो, दोन सूर तरी वाजवा." तर म्हणे, "तुमच्या मामांनी शब्द दिलाय, मग आणखी काय बघायचं?" असं कोण करतं? वर न मागता कव्हर दिलं, नवी वायर दिली, जास्तीचे दोन फ्यूज दिले. मी हिला म्हटलंसुद्धा की एवढा गोड वागतोय म्हणजे आत काहीतरी गोम आहे. ही म्हणाली, "तुम्हाला कोणी नुसता नमस्कार केला तरी तुम्ही खिसा चाचपता."

आणखी एक. अ‍ॅम्प गाडीत ठेवताना त्यांनी त्याच्या मागच्या फळीवरून बोट फिरवलं. अगदी सावकाश. मग माझ्याकडे बघून हसले आणि दार लावलं. काय बघत होते कोण जाणे.

माझ्याकडून सगळं चोख आहे. पुसून, लख्ख करून दिलाय. मागची फळी तर मी कित्येक वर्षांत उघडलेलीसुद्धा नाही. त्यांनी कधी विषय काढलाच तर तसं सांगा.

तब्येतीला जपा.

तुमचा,
भाचा


२२ जानेवारी

ती. मामा,

नमस्कार. तुमचं पत्र आलं नाही, म्हणून मीच पुन्हा लिहितोय. धाकटीने पडलेले दात काडेपेटीत ठेवलेत आणि येईल त्याला दाखवते. मोठ्याचं गणित अजून तसंच आहे, माझ्यावर गेलाय.

मामा, त्या अ‍ॅम्पमध्ये काहीतरी गडबड आहे.

दोनदा सराव झाला. मी बेस कमी करून बघितला, ट्रेबल वाढवला, गिटारच्या तारा बदलल्या, अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवला. आवाज स्वच्छ येतो, नाही असं नाही. पण कोरडा. ड्रमवाला म्हणतो, "चार वर्षांत पहिल्यांदा तू काय वाजवतोस ते कळलं." गाणारी म्हणते, "आता मला सूर शोधावा लागत नाही." त्यांचं काय जातंय बोलायला? मला मात्र तिथे बसवत नाही. वाजवताना सारखं वाटतं की यातलं काहीतरी आधीच काढून घेतलेलं आहे.

म्हणून रविवारी दुपारी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि मागची बाजू उघडली. बॅटरी घेऊन एक-एक जोड तपासला. काय सापडलं असेल? काही नाही! धूळसुद्धा नाही. सगळ्या बटणांचे खटके साफ केलेले, एक जुना भाग काढून नवा घातलेला, तोही असा नेटका की टाकासुद्धा दिसू नये. आणि आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली, बारीक अक्षरात: "तिसरं बटण थंडीत खरखरतं. एकदा डावीकडे पूर्ण फिरवून आणलं की गप्प बसतं."

आता मला सांगा, दुसऱ्याला देऊन टाकायच्या वस्तूवर कोण एवढी मेहनत करतं? मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. हा माणूस एक तर फारच साधा आहे, नाहीतर माझ्यापेक्षा मुरलेला. मुरलेलाच असणार.

ते रविवारी तुमच्याकडे वाजवायला येतात ना? माझ्या अ‍ॅम्पबद्दल काही बोलले का? सहज विचारतोय. चांगलं-वाईट काहीही बोलले असतील तर कळवा. आणि ते मागची फळी उघडतात का, तेही जमलं तर विचारा. म्हणजे, उघडू नये. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये बंद केल्यावरही वीज साठून राहते, धक्का बसतो. त्यांच्या काळजीपोटी सांगतोय.

हिने नमस्कार सांगितलाय. ही परवा कपाटातून चादरी काढत होती, तेव्हा माझ्यावर उगीचच चिडली. ते सोडा.

तुमचा,
भाचा


१७ फेब्रुवारी

ती. मामा,

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. चारच ओळी होत्या, पण मी ते खिशात घेऊन पाच दिवस फिरतोय.

घड्याळवाले चार रविवार आले नाहीत. तुम्ही दोन्ही खुर्च्या मांडता, गिटार जुळवून ठेवता, अकरा वाजेपर्यंत वाट बघता आणि मग एकटेच काहीतरी वाजवून गिटार खोळीत घालता. विचारलं तर म्हणतात, डोळे दुखतात. मामी गेल्यावर सहा वर्षांत एकही रविवार न चुकवलेला माणूस. आणि तुम्ही लिहिलंय, "त्यांनी मला एकच विचारलं, भाचा लहानपणी तुमच्याकडेच वाढला ना? मी हो म्हटलं, तर गप्प झाले. माझं काही चुकलं का रे?"

मामा, हे वाचून माझ्या मनात आधी काय आलं तेही सांगतो, लपवत नाही. मला वाटलं, बघा, सापडला! अ‍ॅम्पमध्ये काहीतरी खोट आहे म्हणूनच तोंड चुकवतोय. पूर्ण एक दिवस मी हे धरून बसलो होतो. काटे तपासताना एका म्हातारीच्या दुकानात तिचं एक किलोचं वजन बरोबर निघालं, तरी मी ते तीनदा ठेवून बघितलं. ती म्हणाली, "साहेब, कोणी तुम्हाला फसवलंय का?" मी नाही म्हटलं आणि बाहेर येऊन गाडीवर नुसता बसून राहिलो.

मला कोणीही फसवलेलं नाही. फसवलंय ते मी.

अदलाबदलीच्या आदल्या आठवड्यात मी माझ्या अ‍ॅम्पची मागची फळी उघडली. आतला स्पीकर काढला आणि आम्ही सराव करतो त्या सभागृहातल्या मोडक्या भोंग्याच्या पेटीतला एक फुकट मिळालेला स्पीकर त्या जागी बसवला. मूळचा, तुम्ही चार दुकानं पालथी घालून मला निवडून दिलेला, जुन्या चादरीत गुंडाळून कपाटात ठेवला. मी तुम्हाला लिहिलं होतं की फळी उघडलेली नाही. ते खोटं होतं, आणि तुमच्या तोंडून ते त्यांच्यापर्यंत जावं म्हणून मुद्दाम लिहिलेलं खोटं होतं.

का केलं? कारण मला खात्री होती की तेही काहीतरी काढून घेतील. तेवढंच. समोरचा लबाडी करणारच, मग आपण आधी केलेली बरी. मी ज्यांना दंड लावतो ते दुकानदार हेच बोलतात: "सगळेच करतात, साहेब." मी त्यांना हसतो.

त्या स्पीकरचा मला उपयोगही झाला नाही. त्यांच्या अ‍ॅम्पच्या पेटीत तो बसेना, भोकं जुळेनात. कपाट उघडलं की तो दिसायचा. ही एकदा म्हणाली, "हे जड गाठोडं कसलं?" मी म्हटलं, ऑफिसचं सामान. हिने चादर उघडून बघितली आणि परत बांधली. तिला कळलं होतं. ती तेवढ्यासाठीच चिडली होती.

काल दुपारी मी गाठोडं घेऊन त्यांच्या दुकानात गेलो. जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं दुकान. काचेखाली छोट्या ताटल्यांमध्ये तिळाएवढे स्क्रू, आणि ते डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळावर वाकलेले. डोळे काही दुखत नव्हते. मला बघून त्यांनी भिंग कपाळावर सरकवलं आणि म्हणाले, "या. बसा." मी बसलो नाही. गाठोडं काचेवर ठेवलं.

त्यांनी ते उघडूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाले, "आणलात? बरं झालं."

मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"गाडीत ठेवतानाच. चारही स्क्रूंच्या खाचा ताज्या खरवडलेल्या होत्या. मोठा स्क्रू-ड्रायव्हर लावून घाईत फिरवल्यावर होतात तशा. चाळीस वर्षं मी दुसरं काय बघतोय?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"वाटलं, साफ करायला उघडली असेल. भाचा आहे त्यांचा, उगीच कशाला वाईट मनात आणा. घरी जाऊन लावला, तर आवाज डब्यातून आल्यासारखा. मग उघडली."

मी म्हटलं, "मला फोन करायचा. मामांना सांगायचं."

ते काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहितो. म्हणाले, "तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी माझ्यासमोर मान खाली घातली असती. सत्तरीचा माणूस. मला ते बघायचं नव्हतं. त्यापेक्षा माझे डोळे दुखलेले बरे."

मग खाली बघत म्हणाले, "आणि एक वाईट विचार माझ्याही मनात येऊन गेला. की तुमच्या मामांना हे ठाऊक तर नसेल? तो विचार घेऊन मी त्यांच्या शेजारी बसून वाजवू कसा?"

मामा, मी तुमच्या माघारी तुमच्याबद्दल संशय पेरला. ज्या माणसाच्या मनात तो येतच नाही, त्याच्या मनात. माझ्या हातून यापेक्षा वाईट काही झालेलं नाही. लाज वाटते, आणि लाज वाटते एवढं लिहून ती कमीही होत नाही.

अ‍ॅम्प दुकानाच्या मागच्या खोलीतच होता. मी स्क्रू-ड्रायव्हर काढला, तर त्यांनी तो बाजूला ठेवायला लावला आणि खणातून दुसरा दिला. "हा घ्या. खाचेत नीट बसतो तो वापरावा." मी माझ्या हातांनी मूळचा स्पीकर परत बसवला. त्यांनी दिवा धरला. लावून बघितला तेव्हा त्यांनी डोळे मिटले, आणि मी तिथून निघायच्या तयारीत उभा राहिलो.

त्यांचा अ‍ॅम्प मी परत करायला तयार होतो. ते नको म्हणाले. "तुम्हाला तोच शोभतो, राहू द्या." मग मी विचारलं, "रविवारी जाल ना?" त्यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली. म्हणाले, "तुम्ही त्यांना सांगितल्याशिवाय नाही. आपण दोघांनी मिळून त्यांच्यापासून लपवायचं, हे मला जमणार नाही. तुम्ही लिहा. त्यांचा निरोप आला की मी निघतो."

म्हणून हे पत्र. फोन केला असता तर मी मध्येच तुमच्या खोकल्याची चौकशी करून विषय बदलला असता, हे माझं मला माहीत आहे. ही म्हणाली, "पाकीट मीच टाकते, तुमचा भरवसा नाही." मी दिलं तिच्या हातात. चिडलो नाही.

वाचून झालं की कृपा करून घड्याळवाल्यांना निरोप पाठवा. नुसतं "भाच्याचं पत्र आलं" एवढं कळवलंत तरी पुरे, त्यांना कळेल. त्यांच्यासाठी खुर्ची मांडून ठेवा. माझ्यावर रागवायचं असेल तितकं रागवा, पण त्यांना एक रविवारही आणखी थांबवू नका.

मला उत्तर लिहिलं नाहीत तरी चालेल. मी वाट बघेन, आणि तुम्ही बोलावल्याशिवाय येणार नाही. तुम्ही माझ्यासाठी ज्याला शब्द दिलात, त्याच्यासमोर तुमची मान खाली जाईल असं मी केलं. ती वर करून त्या माणसाच्या शेजारी बसा, तुमचं काहीही चुकलेलं नाही.

तुमच्याच घरात वाढलेला,
भाचा