खडकांच्या गावी मुका वक्ता

एडमंटन,
ऑगस्ट २००९

प्रिय राजन यांस,

रवींद्रचा सप्रेम नमस्कार. तुझी साखर काबूत असेल आणि वहिनींच्या नजरेआड तू जिलबी खात नसशील, असं धरून चालतो. (दोन्ही एकाच वेळी खरं असणं शक्य नाही, हे मला माहीत आहे.) वहिनींना नमस्कार. व्याख्यानमालेच्या कार्यकारिणीतले सगळे जिवंत असतील आणि नियमितपणे सभेत झोपत असतील, अशी आशा आहे. इकडे आम्ही उभयता, चि. उन्मेष, सूनबाई उल्का आणि नात ऊर्मी मजेत आहोत. एरवी मी पत्राऐवजी फोन केला असता, पण माझं तोंड बंद करण्यात आलं आहे.

आणीबाणीत जे सरकारला जमलं नाही, ते इथल्या एका घशाच्या डॉक्टरीणबाईंनी हसत हसत करून दाखवलं. बाईंनी नाकातून नळी घालून माझे स्वरतंतू पडद्यावर दाखवले. त्यांवर गाठी आहेत. चाळीस वर्षं माइकशिवाय मैदानं गाजवल्याचं हे मानचिन्ह आहे, असं मी सांगायला गेलो, तर बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. (शाळेतही मला कोणी असं केलं नव्हतं. मास्तरांना माझी भीती वाटे.) तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, कारण कुजबुजण्याने म्हणे तंतू जास्त बिघडतात. त्यानंतर पुन्हा तपासून ठरवणार, आवाज राहतो की जातो. तू घाबरू नकोस. जानेवारीतलं समारोपाचं भाषण मीच करणार. 'गप्प बसणे हे पाप आहे' हाच विषय पत्रिकेत ठळक छाप. घशातल्या दोन फुटकळ गाठींसाठी मी माझा सिद्धांत बदलणार नाही.

घरात माझ्या हाती ऊर्मीची चित्रं काढायची पांढरी पाटी आणि मार्कर दिला आहे. त्यावर मी लिहायचं आणि नीलिमाने वाचून दाखवायचं, अशी व्यवस्था. पाटी लहान असल्यामुळे वाक्य रंगात येतं तोवर कडा येते. पहिल्या दोन दिवसांतच मी मार्कर संपवला, तेव्हा उन्मेषच्या लक्षात आलं की बाबांना घराबाहेर काढलं पाहिजे. त्याने मायलेकरांच्या गुप्त बैठकीत ठरवलं की, मला अशा ठिकाणी न्यायचं जिथे वाद घालण्यासारखं काहीच नाही. म्हणून खडक निवडले. शिवाय बसमधली साधी सहल न घेता खास आमच्यापुरता गाइड ठरवला. 'बाबा, प्रायव्हेट टूर आहे, आरामात होईल,' म्हणाला. खरं कारण मला कळतं. बसमध्ये चाळीस माणसं असती, आणि चाळीस माणसं एका जागी बसलेली दिसली की मी उभा राहतो.

ड्रमहेलर नावाचं गाव इथून मोटारीने तीन तास. उल्काला सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही चौघेच निघालो. वाटेत काही नाही. म्हणजे अक्षरशः काही नाही. रस्ता सरळ, शेतं सपाट, आणि उन्मेष दर अर्ध्या तासाने विचारतो, 'बाबा, बोअर नाही ना होत?' मी पाटीवर लिहायचो, तो गाडी चालवत असल्यामुळे वाचू शकत नव्हता. संवादाचं हे स्वरूप त्याला फार मानवलं. आणि मग एकाएकी त्या सपाटीला भोक पडतं. जमीन खाली कोसळते, आणि समोर राखाडी, तांबूस, काळसर पट्ट्यांच्या टेकड्यांची दरी. कोणीतरी ताटातल्या वड्या कापल्या आणि वाढायला विसरला, तशी. मला ते सुंदर वाटलं, हे तुला सांगायला हरकत नाही. तिथे मी पाटीवर 'ठीक' लिहिलं.

दरीच्या काठावर आमचा गाइड व्हॅन घेऊन उभा होता. ग्लेन त्याचं नाव. साठीचा, काउबॉय हॅट, पोट पट्ट्याबाहेर आणि आवाज, राजन, काय आवाज. खर्जातला, तेल लावल्यासारखा, स्वच्छ. असा आवाज देवाने (असला तर) एका माणसाला द्यावा, आणि त्या माणसाने तो 'वॉशरूम डाव्या हाताला आहे' हे सांगण्यात खर्च करावा. तो सकाळपासून बोलू लागला तो थांबलाच नाही. प्रत्येक विनोदानंतर तो ठरावीक विराम घेई, हसायला जागा ठेवून. हा विराम मी तुमच्या कराडला शोधून काढला होता, तोच हा. कॅनडात कसा पोचला कोण जाणे.

साडेसात कोटी वर्षांपूर्वी म्हणे इथे समुद्रकिनारा होता, दलदल होती, आणि डायनोसोर हिंडत. आता पंधरा-वीस माणसं कॅमेरे घेऊन हिंडतात. प्रगती. खडकांतली माती पाणी लागलं की साबणासारखी निसरडी होते, म्हणून पाऊस आला तर उभं राहायचं नाही, बसायचं, असा त्याचा सल्ला. इथे पूर्वी कोळशाच्या खाणी होत्या. त्याने खाणमालकांची नावं सांगितली, त्यांच्या बायकांची, एकाच्या घोड्याचंही नाव सांगितलं. खाली उतरून कोळसा काढणाऱ्यांपैकी एकाचंही सांगितलं नाही. मी पाटीवर लिहिलं, 'याला विचार, कोळसा घोड्याने खणला का? आणि त्याआधी ही जमीन कुणाची होती, ती कशी घेतली?' खाली दोन रेघा मारल्या. नीलिमाने पाटी वाचली, ग्लेनकडे पाहिलं आणि तिच्या प्राथमिक शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं, 'ही लाइक्स युवर हॉर्स.'

ग्लेनला भरून आलं. घोड्याची पुढची कथा पाव तास चालली.

दिवसभर हेच. मी निषेध लिहायचो आणि पलीकडे कौतुक पोचायचं. मी अधिक मोठ्या अक्षरांत लिहू लागलो, तर ऊर्मी म्हणाली, 'आजी, ही इज येलिंग ऑन द बोर्ड.' नीलिमा म्हणाली, 'ओरडू दे गं, पाटीचा घसा बसत नाही.' (या बाईने चाळीस वर्षं माझ्या भाषणांना पहिल्या रांगेत बसून स्वेटर विणले. मला वाटायचं, ऐकते आहे.) शिवाय ती स्वतःचे प्रश्न विचारत होती. इथले निवडुंग बर्फात मरत कसे नाहीत. ग्लेनची बायको डबा देते का. ती देत नाही, हे कळल्यावर तिने त्याला आमच्यातली थालीपिठं दिली. तिखट लागून त्याचा खर्ज दोन मिनिटं बंद पडला. त्या दिवसातला तेवढाच काळ आम्ही दोघं समान पातळीवर होतो.

गावात एक सिमेंटचा प्रचंड डायनोसोर उभा केला आहे. पोटातून जिना चढून त्याच्या जबड्यात उभं राहता येतं. माणसं तिथे जाऊन किंचाळतात आणि फोटो काढतात. एवढा मोठा उघडा जबडा मी जन्मात पाहिला नव्हता, आणि मी त्यात मिटल्या तोंडाने उभा होतो. उन्मेषने फोटो काढला आहे, सोबत जोडतो. तो कार्यकारिणीला दाखवू नकोस.

दुपारी हूडू पाहिले. मातीचे उंच खांब, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक कठीण सपाट दगड, टोपीसारखा. त्या टोपीमुळे खालची मऊ माती पावसाने वाहून जात नाही. टोपी पडली की काही वर्षांत खांब नाहीसा. आपल्या संस्थेतले अर्धे पदाधिकारी असेच टिकून आहेत, हे मला तत्क्षणी सुचलं. आणि काय सुचलं, राजन. पंचवीस वर्षांत इतकी उत्तम उपमा मिळाली नव्हती, आणि ती मला मोठ्याने बोलता येत नव्हती. पाटीवर उतरवली. नीलिमाने ग्लेनला सांगितलं, 'ही सेज, नाइस हॅट.' ग्लेनने स्वतःची हॅट काढून मला घालायला दिली.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. परतीच्या वाटेवर एक देऊळवजा चर्च आहे, खेळण्यातलं वाटावं एवढं. आत सहा माणसं बसतात. ग्लेनचा त्यावर विनोद होताच, दहा हजार माणसं मावतात, पण एका वेळी सहाच. (विराम.) आत आधीच एक जोडपं बसलेलं, आमच्याच वयाचं. आम्ही चौघे आत शिरलो आणि सभागृह भरलं. ग्लेन दारात उभा. समोर लाकडी व्यासपीठ, त्यावर पुस्तक ठेवायला तिरकी फळी. इथे आल्यापासून चार महिन्यांत मी व्यासपीठ पाहिलं नव्हतं. उन्मेष खिशातून पाकीट काढत म्हणाला, 'ओके बाबा, निघू या.' ग्लेन म्हणाला, हॅव अ गुड वन. आणि झालं. संपलं.

राजन, तू सांग. दिवसभर एक माणूस बोलला, आणि कार्यक्रम आभार प्रदर्शनाशिवाय संपवायचा? लग्नात आभार मानतो, मर्तिकात मानतो. आपल्या गोविंदरावांच्या शोकसभेत तर आभार मानणाऱ्याने मयताचेही मानले होते, त्यांच्यामुळे हा योग आला म्हणून. मी खाणींबद्दल गप्प बसलो, जमिनीबद्दल गप्प बसलो, टोपीची उपमा गिळली. हे मात्र गिळेना. मी व्यासपीठामागे गेलो, फळीवर दोन्ही हात ठेवले आणि मराठीत म्हणालो, 'मित्रहो, आभाराचे दोन शब्द बोलतो.'

नीलिमाचा चेहरा पांढरा पडला. तिला आमच्या दोन शब्दांची लांबी माहीत आहे. मी पुढे बोललो. तिसऱ्या वाक्याला आवाज फाटला, चौथ्याला त्यातून कुकरसारखी वाफ आली, आणि पाचव्याला काहीच आलं नाही. ओठ हलत होते. मला वाटलं, मलाच ऐकू येत नाहीये. मग ऊर्मीकडे पाहिलं आणि कळलं, कुणालाच येत नाहीये.

त्या शांततेत ते अनोळखी गृहस्थ म्हणाले, 'थांबलात का? बोला की पुढे.' शुद्ध मराठीत. त्यांच्या बाईंनी कोपराने ढोसलं, 'अहो शालोम, दिसत नाही का, त्यांचा घसा गेलाय.' शालोम आणि पर्ल. मूळ रेवदंड्याचे, बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, तीस वर्षं टोरांटोजवळच्या वॉनला राहणारे, फिरायला इकडे आलेले. शालोम म्हणाले, 'गेला तर गेला, पण वाक्य अर्धं राहिलं ना. मी किती वर्षांनी मराठी भाषण ऐकतोय.' आणि हाताची घडी घालून बसून राहिले. असा श्रोता, राजन, मला कराडला कधी मिळाला नाही.

मी पाटी घेतली आणि लिहिलं. कोळसा, जमीन, टोपी, गप्प बसण्याचं पाप, सगळं दाटीवाटीने. पाटी नीलिमाकडे दिली. ती उठली, व्यासपीठापाशी आली. मला बाजूला सरकायला लागलं, तिथे दोघांना जागा नाही. तिने पाटी फळीवर ठेवली, चष्मा लावला आणि वाचू लागली.

'हे म्हणतात की, आज दिवसभर दुसरा कुणी बोलला आणि यांनी ऐकलं, असं आमच्या घरात पहिल्यांदाच झालं. त्याबद्दल ग्लेनसाहेबांचे आभार. कोळसा काढणाऱ्यांची नावं त्यांनी सांगितली नाहीत, ती पुढच्या वेळी शोधून ठेवावीत. थालीपीठ तिखट झालं, त्याबद्दल माफी. यांना भीती वाटते आहे, ते पाटीवर लिहीत नाहीत, म्हणून मी सांगते. नमस्कार.'

यातलं खाणीचं वाक्य सोडलं तर पाटीवर काहीही नव्हतं. शालोम टाळ्या वाजवत होते. पर्लबाईंनी डोळे पुसले. ऊर्मीने ग्लेनला सगळं इंग्रजीत सांगितलं, त्यानेही टाळ्या वाजवल्या आणि खाणकामगारांची नावं शोधीन म्हणाला. एवढ्या टाळ्या सहा खुर्च्यांतून मी कधी काढल्या नाहीत.  परत येताना मी पाटी मागितली नाही.

डॉक्टरीणबाई रागावतील एवढंच. बाकी घसा किरकोळ आहे. पत्रिका वेळेवर छापायला टाक. कार्यकारिणीला जागं करून माझा नमस्कार सांग.

तुझा,
रवींद्र

ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहिलं होतं, तेवढ्यात बाईंकडे जाऊन आलो. ऑपरेशन करावं लागेल. नंतर आवाज येईल, पण घरगुती वापरापुरता. मीठ मागण्याइतका. सभेचा नाही. बाईंनी हे फार हळू आवाजात सांगितलं. इथल्या लोकांना हळू बोलण्याची कला चांगली येते.

दुसरा ता. क. म्हणून खरी विनंती ही की, पत्रिका छापायला टाकली असशील तर थांबव. वक्ते म्हणून माझ्या नावाखाली 'वाचन : सौ. नीलिमा' असं घाल. भाषण मी लिहीन. मी विचारलं तेव्हा ती भाजी चिरत होती, म्हणाली, 'वाचीन, पण मला पटेल तेवढंच.' मी पाटीवर लिहिलं, 'किती पटेल?' ती म्हणाली, 'लिहा तरी.' तेव्हा वेळ पाऊण तासाऐवजी वीस मिनिटं धर. माझी खुर्ची पहिल्या रांगेत ठेव. कंटाळलो तर मला स्वेटर विणता येत नाही, हे लक्षात असू दे.

तिसरा ता. क. हे पत्रही पोस्टात टाकण्याआधी नीलिमाने वाचलं. मूळ अकरा पानं होती.