सुगंधा नदीची ओटी

ती. राजकुमारदादा,

साखरखेर्ड्याच्या दिशेला तोंड करून इथूनच वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला गेला का? आमचं विचाराल तर तब्येत ठणठणीत आणि अब्रू अंथरुणाला खिळलेली. फोनच केला असता, पण तो सदैव तुमच्या बहिणीच्या हातात, आणि मजकूर तिच्याविषयीच आहे.

आमच्या घरामागचं पाणी तुम्ही पाहिलंय (वासावरून आठवेल). त्याचा उगम गवळ्याच्या म्हशी धुण्याच्या हौदापाशी. तिथे त्याला म्हशीचा ओढा म्हणतात, कापसाच्या जिनिंगमागे तोच तेल्या नाला होतो, खाली अख्तरीआपांच्या मोहल्ल्यात नहर, आणि आमच्या गल्लीत नावच नाही. लोक नुसतं बोट दाखवतात. त्यामुळे अख्ख्या खामगावात मी 'नाल्यावरचे इंद्रभान'. निवृत्त हेडक्लार्कला हे शोभतं का? म्हणून मी नामकरण समिती काढली (अध्यक्ष मीच, विरोधकही मीच नेमला) आणि ठराव केला की ही मुळात नदी आहे, नाव सुगंधा. अख्तरीआपा हसून हसून खाली बसल्या. म्हणाल्या, "भाईसाब, असं नाव ठेवसान तं पानी लाजून वापस जाईन!"

आता नदी असल्याचा पुरावा काय? नदीची ओटी भरतात, नाल्याची कोण भरतं? हा मुद्दा तुमच्या बहिणीनं काढला. मी तर तिच्या बुद्धीवर खूषच झालो. कौशल्येनं खण, नारळ, तांदूळ घेऊन गल्लीतल्या बायांसह अशी थाटात ओटी भरली (नारळ वाहिला नाही, रुतला) की पेपरात फोटो आला. पाठोपाठ पाटीही लागली: सुगंधा नदी. मी कॉलर ताठ करून बाजारभर फिरलो.

मग नगरपालिकेचे एक साहेब मोजायची टेप घेऊन आले. नाला होता तोवर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. नदी म्हटल्यावर पूररेषा आली (तिच्या आतलं बांधकाम पाडतात), आणि ती थेट आमच्या स्वयंपाकघरातून, गॅसच्या शेगडीवरून. हो, तेच, जे मी मागे सरकवून अगदी काठावर बांधलं (तुम्ही तेव्हा नको म्हणाला होतात, ते असो). साहेब भला माणूस. म्हणाले, ओटी भरणाऱ्या बाईंनीच हा नाला असल्याचं सांगितलं तर पाटी काढू, स्वयंपाकघर वाचेल. आता कौशल्येच्या पाया पडायचंच काय ते बाकी आहे. ती म्हणते, "ओटी भरली का घरची लेक झाली. लेकीले नाला म्हणू काय?" दादा, त्या भिंतींच्या विटा मी स्वतः वाहिल्यात. त्या पडल्या तर मला रडू येईल, खरंच सांगतो.

मुलांना आशीर्वाद.

तुमचा, तूर्तास नदीकाठचा,
इंद्रभान

ता. क. : पत्राचं खरं कारण हे की ती फक्त तुमचं ऐकते. या, आणि मोठा भाऊ म्हणून दटावा. मी बोलावलं असं सांगू नका.

ता. क. : दादा, पाकीट चिकटवायले याइनं माह्याचकडे देलं. याइचं काही ऐकू नको. त्या घाणीवरच्या सैपाकघरात मी इतके वर्सं खिडकी लावून पोया केल्या. पूररेषेचं मले आधीच मालूम होतं, म्हणून तं ओटी भरली. येशीन तं भिती पाडाले सब्बल घेऊन ये. – कौशल्या