कोच ओरडला, आई!

ती. आईस, तुझ्या ताडमाड पोराचा वाकून नमस्कार.

गुडघा बरा आहे, जिना चढताना तेवढा कुरकुरतो.

इतके बास्केटबॉल क्लब फिरलो, त्यात एक कळलं. कोच गोड बोलू लागला की आपण बॅग भरायला घ्यावी. इथला कोच आठवडाभर मला नुसतं “छान, छान” म्हणत होता. म्हणूनच तुला फोन केला नाही.

आज माझा पास चुकला आणि तो सगळ्यांदेखत ओरडला, “अरे म्हाताऱ्या, डोळे घरी ठेवून आलास का? मोसमभर हेच बघायचं का मी?”

‘मोसमभर’ ऐकून मी हसलोच. मग आणखी शिव्या खाल्ल्या.

बाबांची कंबर कशी आहे? खरं लिही. त्यांना सांग, यंदा पोराला शिव्या खायला ठेवून घेतलंय. देवमाणूस आहे कोच.

तुझा,
थोरला