मगवर्टचं कार्ड

मी, अहिल्या मोरेश्वर टिळेकर, वय ७४, राहणार सांता क्लारा, कॅलिफोर्निया, माझ्यामागे काय कोणाचं ते कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्याच हाताने लिहून ठेवते. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे, आणि या कामाला तेवढं पुरतं.

१. घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा अनीश व मुलगी नेत्रा यांना निम्मी निम्मी. भांडू नये.

२. परसातल्या वनस्पती उपटू नयेत. माझे दिवंगत यजमान त्यांना जन्मभर तण म्हणाले आणि सर्दी झाली की त्यांचाच काढा प्यायले, याची इथे नोंद असावी.

३. पुण्याहून आणलेलं खुरपं नेत्राला. डिशवॉशरमध्ये घालू नये.

४. आता खरी मालमत्ता. पुण्यात मी जर्मन शिकवायचे. इथे व्हिसामुळे नोकरी करता येईना, म्हणून जुन्या इंग्रजी-जर्मन भाषांतली औषधी वनस्पतींची नावं कुठून आली, ते मराठीत कार्डांवर लिहू लागले. सदतीस वर्षं, अठराशे कार्डं. लसणाच्या इंग्रजी नावात भाला आहे, डेझीच्या नावात दिवसाचा डोळा. मगवर्ट ही आपल्या दवण्याची चुलत बहीण. तिच्या कार्डावर मी ठोकून दिलं होतं, 'मग म्हणजे मिज, चिलट; चिलटं पळवते म्हणून हे नाव'.

नात केया दर रविवारी वरच्या इंग्रजी नावांवरून कार्डं लावायला यायची. तीन वर्षांपूर्वी गणपतीत मी मगवर्टचं कार्ड सगळ्यांना वाचून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "आजी, पण प्रूफ कुठेय? माहीत नसेल तर तसं लिही ना." भरल्या घरात मी तिला म्हटलं, "आधी मराठी वाचायला शीक." त्यानंतर ती पेटीला शिवली नाही.

चूक माझी होती. चिलटांचा नुसता तर्क आहे. खात्रीने कोणालाच ठाऊक नाही. कार्डावर आता तसंच लिहिलं आहे. केया, मला माफ कर.

५. कार्डांची पेटी केयाला, तिला हवी असेल तर.

साक्षीबाबत: ज्याला काही मिळायचं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाईंनी बजावलं आहे. केया पेटी घेईल ही आशा मी सोडली होती, म्हणून आज तिलाच साक्षीला बोलावलं. तिने हा कागद ओळीवर बोट ठेवून पहिल्यापासून वाचला. मराठी कधी शिकली, मला पत्ता नाही. मग पेन खाली ठेवलं.

"सॉरी आजी, मी साइन नाही करणार. शेजारच्या काका-काकूंना बोलाव."

साक्षीदार: विवेक राजवाडे, प्रीता राजवाडे (यांना फक्त चहा मिळाला)

सही: अहिल्या मो. टिळेकर
सांता क्लारा, १४ सप्टेंबर २०२५