पुसट खुणेला उजळ रंग

म्हैसूर, ३ फेब्रुवारी २०२५

चि. वर्षिणीस, अप्पाचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू तीनदा "सगळं छान" म्हणालीस आणि तिन्ही वेळा "छान" खाली बसलं. भाड्याच्या एका भोंग्यापासून सुरुवात करून जन्मभर लग्नांत माईक लावतोय मी, पडलेला आवाज मला कळतो. फोनवर सांगायची नाहीस, म्हणून हे पत्र. लॅबमध्ये कोणी रागावलं का? की पुणेकर तुझ्या मराठीला हसतात? हसू देत. त्यांना "अय्यो" तरी कुठे नीट म्हणता येतं!

बन्नूरच्या लग्नात नादस्वरवाला माईकला चिकटूनच बसला. वधूची आजी गात होती, ते पहिल्या रांगेलाही ऐकू येईना. शेवटी चांगला माईक आजीला दिला, त्याला म्हटलं, तू सुम्ने, बिनमाईकचा असाच वाजव. तरी पार पलीकडच्या वरुणा गावापर्यंत ऐकू गेलं असेल!

आई बरी आहे. तिचेही आशीर्वाद. उत्तर धाड, पण खरं.

अप्पा

पुणे, १० फेब्रुवारी

ती. अप्पांस, वर्षिणीचा सा. न. वि. वि.

तुमच्या कानांपुढे काय चालणार! अडीच वर्षांचा एक मुलगा आहे, सारखा आजारी. रोगाशी लढणाऱ्या एका जातीच्या पेशी त्याच्या रक्तात आहेत का, ते मला शोधायचंय. पेशींच्या अंगावर खुणा असतात. नेमक्या त्या खुणेला चिकटणारी अँटिबॉडी आम्ही निवडतो, तिला चमकणारा रंग जोडलेला असतो, आणि मशीन एकेका पेशीवरचा रंग मोजतं. आधी स्वतःचं रक्त लावून पाहिलं, तर माझ्याही पेशी दिसेनात. मी तर ठणठणीत! त्यांची खूण मुळात पुसट, तिला मी फिका रंग दिलेला. आणि शेजारच्या ठळक खुणेला झगझगीत, तो हिच्यावर सांडत होता. मुलाचं रक्त एकदाच पुरेल एवढं. असलेल्या पेशी "नाहीत" म्हणून त्याच्या आईला कळवलं असतं, या विचारानं झोप उडाली होती.

आमच्या लॅबच्या मृदुला मॅडमनी रंगांची अदलाबदल सुचवली, आणि त्याच दिवशी तुमची आजीबाई नादस्वरासकट टपालानं आली. किती हसले! आता माझ्या रक्तात दिसतात. उद्या त्याचं.

एक विचारू? आईचे आशीर्वाद नेहमी तुम्हीच का लिहिता?

दोघांची माया अशीच असू द्या.

वर्षिणी

पुणे, १२ फेब्रुवारी

ती. अप्पा आणि आईस, सा. न.

घाईत कार्ड. पेशी आहेत! थोड्या आहेत, पण आहेत. औषधाची दिशा आता ठरवता येईल, असं डॉक्टर म्हणाले. चोवीसला त्याची आई येणार, मलाही बसायला सांगितलंय. मशीनशी बोलता येतं हो मला, तिच्याशी काय बोलू? आतापासूनच वाक्यं जुळवतेय.

वर्षिणी

म्हैसूर, १७ फेब्रुवारी

चि. वर्षिणीस, अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड मी दोनदा मोठ्यानं वाचलं. आई फुलं ओवत होती, काहीतरी पुटपुटली. मी माझंच चालवलं होतं, तेवढ्यात आशीर्वादांबद्दलचा तुझा प्रश्न आठवला. मग गप्प बसलो आणि तिला पुन्हा म्हणायला लावलं. ते मी लिहिणार नाही. अर्धा कागद तिला सोडलाय, लाल शाईचं पेनही दिलंय. आता नादस्वर बंद.

अप्पा

वर्षू, त्या बाळाच्या आईला आधी "आहेत" म्हण. तिनं श्वास सोडला की मग "थोड्या" सांग.

आई