पिवळ्या ठिपक्याचा टायर

दाछुन, जिल्हा चांगह्वा
पपनसं उतरवायच्या आधीचा रविवार

तीर्थरूप थोरल्या मामांना, पिन-रेईचा कंबरेतून पूर्ण वाकून नमस्कार. (शर्यतीच्या सायकलवर मी दिवसभर असाच वाकलेला असतो, तेव्हा नमस्काराला वेगळे कष्ट पडले नाहीत, पण आदर खरा आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? तिकडे मादोला पपनसं यंदा कशी धरली आहेत? इकडे द्राक्षांना कागदाच्या पिशव्या घालून झाल्या आहेत आणि माझी प्रकृती उत्तम आहे. च्वो साहेबांचा तुम्हाला फोन आला असेलच. त्यांनी सांगितलं ते सगळं खरं आहे, पण चुकीच्या क्रमाने सांगितलं असणार, म्हणून हे पत्र. मीही फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही मध्येच बोलता आणि मग मला राग येतो.

रागाचा विषय निघालाच आहे तर आधी तो संपवतो. कॉलेज मी रागाच्या भरात सोडलं, हे मला मान्य आहे. पण तो राग अजून गेलेला नाही, हेही घरच्यांनी लक्षात घ्यावं. च्वो साहेब तुमचे पलटणीतले दोस्त, म्हणून तुमच्या शब्दावर त्यांनी मला टायरच्या कारखान्यात घेतलं, याचे उपकार मी विसरलेलो नाही. काम माझ्या स्वभावाला मानवणारं आहे. आमचा टायर आणि त्याच्या तोडीचा एक परदेशी टायर आळीपाळीने सायकलला चढवायचे, बाग्वा डोंगराच्या १३९ नंबरच्या रस्त्याने वर जायचं, खाली यायचं, आणि कुठला टायर कसा पळाला, कुठला किती झिजला, ते सांगायचं. मागचा टायर पुढच्यापेक्षा फार लवकर झिजतो, (अंगाचा भार मागच्यावर, पायांचा जोरही मागच्यावर, आमच्या घरात आईचं जे होतं तेच) म्हणून दोन्ही टायरांना मागच्या चाकावर सारखाच वेळ ठेवावं लागतं, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. हे सगळं मला चान युन-शी हिने शिकवलं. ही आमची इंजिनीअर. आमच्या टायरचं रबर, म्हणजे त्यात काय किती मिसळायचं ते, तीच जमवते. युआनलिनच्या द्राक्षवाल्या चान मंडळींपैकी. पोनीटेल बांधते. तिच्याविषयी याहून जास्त लिहिण्याचं कारण नाही.

आता झीज मोजायची म्हणजे टायर आधी तोलायचा, पळवायचा, पुन्हा तोलायचा. पण टायरवर बसणारा माणूसही तेवढ्याच वजनाचा राहायला हवा, म्हणून दर सोमवारी टायराबरोबर मलाही तोलतात. मी आलो तेव्हा चांगला भरलेला होतो. पुढे काही कारणाने (कारण वरच्या परिच्छेदात येऊन गेलं आहे) मला जेवण जाईना. मी हलका झालो, म्हणून टायर कमी झिजायला लागले, म्हणून च्वो साहेब खूश झाले, आणि युन-शीला संशय आला. तिने मला काट्यावर उभं केलं आणि म्हणाली, "तू आजारी आहेस का?" मी म्हटलं, "नाही." "मग खात का नाहीस?" कमी पडलेलं वजन भरायला तिने माझ्या पाठीवर वाळूची पिशवी बांधली. दर सोमवारी पिशवी थोडी मोठी व्हायची. एखाद्या मुलीने आपल्या मनातलं इतकं अचूक मोजावं आणि ते वाळू आहे असं समजावं, यासारखं दुःख नाही. शेवटी एकदा ती वैतागली. "मला वाळू नकोय, माणूस हवाय. दिसेल ते खा." हा हुकूम कृपया लक्षात ठेवावा.

त्याच आठवड्यात तिच्या टायरची यंत्रावरची परीक्षा होती. मोठा लोखंडी ढोल फिरतो, त्यावर टायर दाबून धरतात आणि पूर्ण पाळीभर पळवतात. टिकला तर तसे टायर विक्रीसाठी साच्यातून काढायचे, नाही टिकला तर वर्षभराची मेहनत भंगारात. त्या यंत्राच्या डोक्यावर हिरव्या पाकिटातला मक्याचा खाऊ ठेवलेला असतो. तुमच्या विहिरीवरच्या मोटारीवर आहे, तोच. त्याच्या नावाचा अर्थच शहाणं बाळ, यंत्रानेही तसंच वागावं म्हणून. पाकीट हिरवंच हवं, तारीख उलटलेली नको, आणि ते कोणीही खायचं नाही, हे मला माहीत आहे. मी कॉलेज सोडलंय, शुद्ध नाही. तर दुपारच्या आत तिचा टायर फुटला. आवाज कँटीनपर्यंत आला. मी धावत गेलो. ती ढोलासमोर एकटीच उभी, हातात फाटक्या रबराचा तुकडा. मला तिचं सांत्वन करायचं होतं, काहीतरी करायलाच हवं असं वाटत होतं, आणि आठवला तो तिचा हुकूम. मामा, माझा हात वर गेला, पाकीट खाली आलं, फुटलं, आणि मी खायला लागलो. तिच्याकडे बघत, एकेक करून, सगळं. खोबऱ्याची चव होती.

मग आमच्या कँटीनच्या आ-थाओ मावशी आल्या. कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांची पाकिटं बदलण्याचा मान त्यांचा. त्यांनी रिकामं पाकीट पाहिलं आणि अशी काही किंकाळी फोडली की टायर फुटला तेव्हाही एवढे लोक जमले नव्हते. "कुठल्या मेल्याने खाल्लं हे?" मेला समोरच होता, ओठाला चुरा लागलेला. च्वो साहेब आले. (त्यांच्याकडे जपानी विद्यापीठाची पदवी आहे आणि त्यांच्या मोबाईलच्या मागेही हिरव्या पाकिटाचं चित्र चिकटवलेलं आहे.) त्यांनी फार शांतपणे विचारलं, "बाळ, टायर फुटायच्या आधी खाल्लंस की नंतर?"

सगळं त्यावरच होतं. नंतर खाल्लं असेल तर टायर वाईट. आधी खाल्लं असेल तर यंत्र रुसलं, टायर निर्दोष, परीक्षा पुन्हा. मी छाती पुढे काढली आणि म्हणालो, "आधी."

मला वाटलं होतं, ती निदान मान वर करून बघेल. तिने बघितलं. म्हणाली, "हा खोटं बोलतोय. नंतर खाल्लंय. माझ्यासमोर उभा राहून खाल्लंय. मचमच आवाज करत."

आता साहेबांची पंचाईत झाली. आ-थाओ मावशी म्हणाल्या, आधी काय नि नंतर काय, यंत्राचा अपमान तो अपमान. परीक्षा पुन्हा घ्यायची, यावर सगळ्यांचं एकमत झालं. नवं पाकीट आलं, मला यंत्राची माफी मागायला लावली, (मागितली, ढोलाला तोंड कुठल्या बाजूला असतं हे कोणीच सांगेना) आणि दुसऱ्या दिवशी तिचा दुसरा टायर पाळीभर पळूनही शाबूत राहिला. च्वो साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वर्षभर त्यांचा सगळा कारखाना खात होतो. नोकरीचं काय ते युन-शीने ठरवावं, असं ते म्हणाले. इथवर त्यांनी तुम्हाला फोनवर सांगितलं असणार. पुढचं त्यांना माहीत नाही.

मी तिच्याकडे गेलो. म्हटलं, "टायर वाचला ना तुझा? मग रागावतेस काय?" ती म्हणाली, "माझ्यासाठी तू च्वो साहेबांच्या तोंडावर खोटं बोललास. मग वर्षभर डोंगरावरून येऊन मला जे सांगत होतास, त्यातलं किती खरं होतं? प्रत्येक वेळी माझाच टायर बरा. कोरड्यात बरा, ओल्यात बरा, झिजलेलाही बरा. आता मी काय समजायचं?" मामा, मला भयंकर राग आला. मी ओरडलो, "डोळे बांधून परीक्षा घे माझी!" ती म्हणाली, "डोळे बांधून घाटात सोडलं तर साहेब मला तुरुंगात घालतील. टायर बांधते." आणि हेही सांगितलं, की या खेपेला माझं बोलणं तिला पटलं नाही, तर सोमवारपासून काट्यावर दुसरा कोणीतरी उभा राहील.

तिने दोन्ही टायरांच्या अंगावरची नावं काळ्या चिकटपट्टीने झाकली. एकावर पांढरा ठिपका, दुसऱ्यावर पिवळा. तिचं रबर नुकतंच बदललेलं, परदेशी टायरही यंदाचा नवा, तेव्हा दोन्हींची ओळख मला नव्हती. मी मात्र चिकटपट्टीकडे नीट पाहिलं. पांढऱ्याची पट्टी कशी सफाईने लावलेली, एक सुरकुती नाही. पिवळ्याची कशीतरी गुंडाळलेली. स्वतःच्या लेकराला माणूस नीटच कपडे घालतो. पांढरा तिचा, हे मी ओळखलं आणि निश्चिंत मनाने डोंगर चढलो. चढलो, उतरलो, टायर बदलले, परत चढलो. दुपारी पाऊस येऊन गेला तेव्हा ओल्यातही उतरलो. ती स्कूटरवरून मागे होती. वळणावळणाला ओरडत होती, "ब्रेक! अरे, माणसाच्या पोटी जन्मलास ना? ब्रेक!"

खाली आलो आणि बोललो. पांढऱ्याची मी माफक स्तुती केली, संशय येऊ नये इतपत. पिवळ्याचं मात्र काही शिल्लक ठेवलं नाही. म्हटलं, हा ओल्या वळणावर मागून घसरतो. खडबडीत रस्त्यावर दाढा हलवतो. चढाला असा चिकटतो की टायर पळवतोय का रताळ्याच्या शेतातला चिखल तुडवतोय, कळत नाही. मध्यभागी आत्ताच चपटा व्हायला लागलाय. ज्याने कोणी हे रबर जमवलं, त्याला रबराजवळ फिरकू देऊ नये, द्राक्षांना पिशव्या बांधायला पाठवावं.

ती लिहून घेत होती. मग खाली बसली आणि पिवळ्याची पट्टी सोलून काढली. आमच्या कारखान्याचं नाव होतं.

मी सायकलला धरून उभा राहिलो. मग तिने एक प्लास्टिकचं स्टूल ओढलं, माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "बस. परत सांग. सावकाश. मागून घसरतो म्हणजे कुठल्या वळणावर?" मी सांगितलं. तिने विचारलं, मी सांगितलं. अंधार पडत आला तसा तिने आपला डबा उघडून निम्मा मला दिला आणि म्हणाली, "वर्षभरात पहिल्यांदा तू माझ्याशी माणसासारखा बोललास." तेव्हापासून ती मला नावाने हाक मारते. काल तिच्या घरी जेवायला नेलं. माझ्या वाटीत मांसाचा मोठा तुकडा तिच्या वडिलांनी स्वतः वाढला. माझं वजन पूर्ववत झालं आहे आणि वाळूची पिशवी आ-थाओ मावशींनी कोबीच्या लोणच्यावर दाब म्हणून ठेवली आहे. एकूण सर्व ठीक आहे. मामींना आणि आईला नमस्कार. आईला नोकरी टिकल्याचं सांगा, पाकिटाचं नको.

तुमचा आज्ञाधारक (यंदापासून),
वू पिन-रेई

ता. क. — मामा, युआनलिनला चान मंडळींकडे तुम्ही या. मुलाने स्वतः लग्नाचं बोलणं बरं दिसत नाही आणि माझ्या रागाचा काही भरवसा नाही. चांगली पपनसं आणा, पानासकट. मामींनाही आणा, तुम्ही एकटे आलात की बोलणं गुडघ्यावर जातं.

ता. क. दुसरा — पण शरदाच्या पौर्णिमेच्या आधी या. सण झाल्यावर चालणार नाही. माझ्या एकेका तक्रारीवरून युन-शीने सगळं रबर बदललं आहे आणि सणानंतर नवे टायर साच्यातून बाहेर येतील. ते डोंगरावर न्यायच्या आत तुमचं बोलणं होऊन गेलेलं बरं.

ता. क. तिसरा — हे कोणाला वाचून दाखवू नका. पिवळा टायर घसरत नव्हता. चिकटत नव्हता, चपटाही झाला नव्हता. माझ्या बुडाखाली आजवर आलेल्या टायरांत तो सगळ्यात चांगला होता. इतका चांगला टायर तिचा नाही, या समजुतीनेच मला संताप आला होता.